बायपाससाठी रक्तवाहिनी कोणती : छातीतली, हातातली की पायातली?

सोलापूर-बार्शी रस्त्यावरील वैरागसारख्या गावात एखाद्या कर्त्या माणसाच्या छातीत कळ येते. आधी पित्त समजून सोडा घेतला जातो, मग बार्शीत ईसीजी निघतो आणि पुढे सोलापूर किंवा पुणे येथे अँजिओग्राफी होते. ‘तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे आहेत, बायपास करावी लागेल’, असे डॉक्टर सांगतात. घरची मंडळी त्यावर तीन प्रश्न हमखास विचारतात. खर्च किती, धोका किती आणि रुग्णालयात किती दिवस राहावे लागेल? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण रुग्णाच्या पुढच्या दहा-वीस वर्षांशी ज्याचा सर्वांत निकटचा संबंध आहे, तो चौथा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. बायपाससाठी शरीरातील कोणती रक्तवाहिनी वापरणार, हा तो प्रश्न होय.

बायपासचे ‘आयुष्य’ बऱ्याच अंशी या निवडीवर अवलंबून असते. ही निवड शल्यविशारदाने करावयाची असते, यात शंका नाही. मात्र ती कशाच्या आधारे होते हे रुग्णाला व त्याच्या नातेवाइकांना ठाऊक असेल, तर संमतीपत्रावरील सही खऱ्या अर्थाने समजून केलेली ठरते.

अडथळा आणि वळणरस्ता

हृदय संपूर्ण शरीराला रक्त पुरवते. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते महारोहिणीच्या मुळाशी उगम पावणाऱ्या दोन करोनरी धमन्यांतून. उजवी धमनी हृदयाच्या उजव्या व खालच्या भागाकडे जाते. डावीच्या मुख्य खोडाला दोन फांद्या फुटतात. त्यांपैकी हृदयाच्या समोरच्या भिंतीवरून उतरणारी फांदी ‘एलएडी’ या नावाने ओळखली जाते. डाव्या कप्प्याच्या स्नायूचा मोठा हिस्सा तिच्यावर पोसला जातो. म्हणूनच या धमनीला कोणते कलम जोडले आहे, याला सर्वाधिक महत्त्व असते.

बायपासमध्ये अडथळा काढून टाकला जात नाही. तो जागच्या जागी राहतो आणि त्याच्या पलीकडे रक्त पोहोचविणारा नवा मार्ग तयार केला जातो. त्यासाठी रुग्णाच्याच शरीरातील एखादी रक्तवाहिनी घेतात. तिला ‘ग्राफ्ट’ म्हणजेच कलम म्हणतात. करोनरी धमनीचा व्यास जेमतेम दीड-दोन मिलिमीटर असतो आणि केसाहून बारीक धाग्याने हे सांधे शिवले जातात.

प्रत्येक अडथळ्यावर बायपास हाच उपाय नसतो. अनेकांना औषधे किंवा स्टेंट पुरेसे होतात. डाव्या मुख्य खोडातील अडथळा, तिन्ही वाहिन्यांतील गुंतागुंतीचा आजार, किंवा मधुमेहासोबत एकाहून अधिक वाहिन्यांत अडथळे असतील, तर बायपासचे पारडे जड होते. मधुमेही रुग्णांवरील ‘फ्रीडम’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. अशा रुग्णांना स्टेंटपेक्षा बायपासचा दीर्घकालीन लाभ अधिक होतो, असे त्यात दिसून आले. आपल्याकडील मधुमेहाचे प्रमाण पाहता हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

धमनी आधी आली, लोकप्रिय झाली शीर

हृदयाच्या स्नायूला नवे रक्त कसे पोहोचवावे, या प्रश्नाचा पाठपुरावा मुंबईतही झाला होता. केईएम रुग्णालयातील डॉ. पी. के. सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात एक वेगळाच प्रयोग केला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात कप्प्यातील रक्त थेट स्नायूत झिरपते, यावरून त्यांनी स्नायूला सूक्ष्म छिद्रे पाडून पाहिली. ही पद्धत रूढ झाली नाही. मात्र त्या काळी हा प्रश्न किती अवघड वाटत होता याची कल्पना त्यावरून येते. याच डॉ. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएममध्ये भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले.

त्याआधी कॅनडातील डॉ. आर्थर व्हाइनबर्ग यांनी १९५०च्या सुमारास छातीतील धमनी सोडवून तिचे टोक थेट हृदयाच्या स्नायूत रोवण्यास सुरुवात केली होती. १९६४ साली लेनिनग्राड येथे डॉ. वासिली कोलेसोव्ह यांनी हीच धमनी करोनरी धमनीला टाके घालून जोडली. म्हणजे इतिहासात धमनीचे कलम आधी आले. पण १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रेने फावालोरो यांनी पायातील शीर वापरून बायपास केली आणि जगभर तीच पद्धत पसरली. शीर काढायला सोपी, भरपूर लांब आणि हाताळायला सुलभ होती. भारतातील पहिली यशस्वी बायपास १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी केल्याचे मानले जाते. पुढे महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया मुंबई-पुण्याकडून जिल्ह्यांच्या ठिकाणी पोहोचली. २००३ साली निधन पावलेले डॉ. नितू मांडके यांच्यासारख्या शल्यविशारदांमुळे ‘बायपास’ हा शब्द मराठी घरांत परिचयाचा झाला.

पायातील शीर : सोय मोठी, आयुष्य मर्यादित

घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी ‘सॅफेनस’ ही शीर आजही सर्वाधिक वापरली जाते. एका पायातून दोन-तीन कलमांची लांबी सहज मिळते. ती धमनीसारखी आकसत नाही आणि पहिल्या मिनिटापासून भरपूर रक्त वाहून नेते. तातडीच्या शस्त्रक्रियेत हा गुण मोलाचा ठरतो.

तिची मर्यादा तिच्या घडणीत आहे. शिरेची भिंत पातळ असते, कारण तिला आयुष्यभर कमी दाबाने वाहणारे रक्त सांभाळायचे असते. कलम झाल्यावर तिच्यावर अचानक धमनीचा दाब येतो. पहिल्या महिन्यात गुठळीमुळे काही कलमे बंद पडतात. पुढील वर्षभरात तिचे अस्तर जाड होऊ लागते. पाचएक वर्षांनंतर मूळ धमनीत जो मेदयुक्त थर साचला, तोच या शिरेतही साचू लागतो. साधारण दहा वर्षांनी शिरांच्या कलमांपैकी निम्मीच्या आसपास सुस्थितीत आढळतात, असा दीर्घकाळचा अनुभव आहे. अ‍ॅस्पिरिन व स्टॅटिन या औषधांनी हे चित्र काहीसे सुधारते. भोवतालच्या चरबीच्या आवरणासह, कमीत कमी हाताळून शीर काढण्याची ‘नो-टच’ पद्धत स्वीडनमध्ये विकसित झाली असून तिने शिरेचे आयुष्य वाढते, असे दिसले आहे. मात्र त्यात पायाची जखम भरण्यास अधिक त्रास होऊ शकतो.

छातीतील डावी धमनी : निर्विवाद पहिली पसंती

छातीच्या मधल्या हाडाच्या (उरोस्थीच्या) मागे दोन्ही बाजूंना एकेक धमनी वरून खाली जाते. डाव्या बाजूच्या धमनीला वैद्यकीय भाषेत ‘लीमा’ व उजवीला ‘रीमा’ म्हणतात. लीमाचे वरचे टोक मूळ जागीच ठेवून खालचे टोक सोडवितात आणि ते एलएडीला जोडतात. त्यामुळे शिवण्याचा एक सांधा वाचतो आणि जिवंत, धडधडती वाहिनी हृदयाच्या सेवेला लागते.

या धमनीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात मेदाचा थर सहसा साचत नाही. तिच्या भिंतीतील लवचीक पडदा अखंड असतो आणि तिचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वाहिनी सैल ठेवणारा व गुठळीला विरोध करणारा घटक विपुल प्रमाणात तयार करते. दहा वर्षांनंतरही एलएडीला जोडलेल्या लीमांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक चालू असतात.

१९८६ साली क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉ. फ्लॉइड लूप व सहकाऱ्यांनी सुमारे सहा हजार रुग्णांचा दहा वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला. केवळ शिरा वापरलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका लीमा वापरलेल्यांच्या सुमारे १.६ पट आढळला. तेव्हापासून ‘एलएडीला लीमा’ हा बायपासचा पायाभूत नियम बनला. लीमा न वापरण्यास काही सबळ कारणे असू शकतात. रुग्ण अत्यवस्थ असणे, छातीवर पूर्वी किरणोपचार झालेले असणे किंवा डाव्या हाताकडे जाणाऱ्या मुख्य धमनीतच अडथळा असणे ही त्यांतील काही. दोन्ही हातांच्या रक्तदाबात मोठी तफावत असेल, तर या शेवटच्या कारणाची शंका घेतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही हातांवर रक्तदाब मोजणे ही साधी कृती महत्त्वाची आहे.

दोन्ही धमन्या वापराव्यात का?

एक धमनी इतकी चांगली, तर दोन्ही वापराव्यात, हा तर्क स्वाभाविक आहे. अनेक जुन्या आढाव्यांत दोन्ही धमन्या लावलेले रुग्ण अधिक जगल्याचे दिसले होते. परंतु असे आढावे फसवे ठरू शकतात. शल्यविशारद मुळात सुदृढ रुग्णांनाच दोन धमन्या लावत असतील, तर श्रेय धमनीचे की प्रकृतीचे, हे कळणे कठीण होते.

हा संशय दूर करण्यासाठी ‘आर्ट’ नावाची मोठी चाचणी हाती घेण्यात आली. सात देशांतील ३,१०२ रुग्ण तिच्यात सहभागी झाले आणि त्या देशांत भारतही होता. कोणाला एक व कोणाला दोन धमन्या लावायच्या हे चिठ्ठी काढावी तसे ठरविले गेले. २०१९ साली दहा वर्षांचा निष्कर्ष आला. दोन्ही धमन्यांच्या गटात २०.३ टक्के, तर एका धमनीच्या गटात २१.२ टक्के मृत्यू झाले होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ग्राह्य नव्हता. मात्र दोन धमन्या नेमून दिलेल्यांपैकी अनेकांना प्रत्यक्षात एकच लागली, आणि एकीच्या गटातील बऱ्याच जणांना हातातील धमनीही लावली गेली. त्यामुळे वाद पूर्णपणे मिटला नाही.

तोट्याची बाजू मात्र स्पष्ट झाली. उरोस्थीला रक्तपुरवठा याच दोन धमन्या करतात. दोन्ही काढून घेतल्यास कापलेले हाड भरून येण्यास अडचण येते. चाचणीत उरोस्थीच्या जखमेचे त्रास दोन धमन्यांच्या गटात ३.५ टक्के, तर दुसऱ्या गटात १.९ टक्के रुग्णांना झाले. अनियंत्रित मधुमेह, स्थूलपणा, धूम्रपान व फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांत हा धोका वाढतो. धमनी भोवतालच्या ऊतींपासून सुटी करून काढल्यास (याला ‘स्केलेटनायझेशन’ म्हणतात) धोका कमी होतो. पण त्यासाठी सराईत हात लागतो.

हातातील धमनी : दुसरी संधी मिळालेली वाहिनी

नाडी पाहताना अंगठ्याच्या बाजूला जी वाहिनी बोटांना लागते, ती ‘रेडियल’ धमनी. फ्रान्सचे डॉ. आलँ कार्पाँतिए यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ती बायपाससाठी वापरली. पण ती आकसून बंद पडू लागल्याने मागे पडली. अनेक वर्षांनी त्यांतील काही जुनी कलमे उत्तम चालू असल्याचे आढळले आणि १९९०च्या दशकात ती पुन्हा वापरात आली. आता ती हळुवारपणे काढतात आणि तिचे आकुंचन टाळणारी औषधे काही महिने देतात.

रेडियल काढल्यावर हाताचे काय, ही भीती रुग्णांना वाटते. पंजाला करंगळीच्या बाजूने येणारी दुसरी ‘अल्नर’ धमनीही रक्त पुरवते. ती पुरेशी आहे की नाही, हे आधी ‘अ‍ॅलन’ चाचणीने किंवा सोनोग्राफीने तपासतात. काहींना अंगठ्याच्या मागील बाजूस बधिरपणा जाणवतो. तो बहुधा कालांतराने कमी होतो. ज्या हाताने रुग्ण काम करतो त्याच्या विरुद्ध हाताची धमनी घेण्याकडे कल असतो.

सहा चाचण्यांतील १,०३६ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लीमाच्या जोडीला शिरेऐवजी रेडियल लावलेल्यांत पाच वर्षांत हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या आणि कलमेही अधिक चालू राहिली. त्यानंतर २०२१च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत, एलएडीखेरीजच्या महत्त्वाच्या व पुरेशा अरुंद झालेल्या धमनीसाठी शिरेपेक्षा रेडियलला पसंती देण्यात आली.

‘पुरेशा अरुंद’ या शब्दांत मोठे मर्म आहे. शेतातील जुना पाट अर्धाच बुजलेला असेल, तर पाणी त्यातूनच जाते आणि शेजारी काढलेला नवा पाट कोरडा पडून गाळाने भरतो. धमनीच्या कलमाचेही तसेच आहे. मूळ वाहिनीतून बऱ्यापैकी रक्त जात असेल, तर रेडियलमधील प्रवाह मंदावतो आणि ती आकसते. म्हणून डाव्या बाजूच्या वाहिनीत ७० टक्क्यांहून अधिक, तर उजव्या वाहिनीत ९० टक्क्यांच्या आसपास अडथळा असेल, तेव्हाच ती लावणे हितावह मानतात. मध्यम अडथळ्याला तुलनेने शीर बरी.

आणखी दोन बंधने लक्षात ठेवावीत. मनगटातून अँजिओग्राफी झाली असेल, तर त्या हातातील धमनीच्या अस्तराला इजा पोहोचलेली असू शकते, म्हणून ती सहसा वापरत नाहीत. मूत्रपिंडाच्या विकारात डायलिसिस चालू असेल किंवा लवकरच लागणार असेल, तर फिस्टुलासाठी हातातील वाहिन्या राखून ठेवाव्या लागतात.

याशिवाय जठराजवळून जाणारी ‘गॅस्ट्रोएपिप्लोइक’ ही धमनीही १९८०च्या दशकापासून वापरात आहे. तिच्यासाठी पोटही उघडावे लागते, त्यामुळे तिचा वापर मोजक्या केंद्रांपुरता राहिला आहे.

कोणासाठी काय?

ढोबळ मानाने असे म्हणता येईल. पन्नाशीच्या आतबाहेरचा, मधुमेह नसलेला, सडपातळ रुग्ण असेल, तर केवळ धमन्यांची बायपास करण्याचा विचार जरूर व्हावा. त्याला कलमे पंचवीस-तीस वर्षे पुरवायची असतात. साठीतील, स्थूल व मधुमेही रुग्णाला लीमा आणि एका हाताची रेडियल हा मध्यममार्ग अनेकदा सोयीचा पडतो, कारण त्यात उरोस्थीचा रक्तपुरवठा एका बाजूने शाबूत राहतो. ऐंशीच्या घरातील किंवा प्रकृती तोळामासा असलेल्या रुग्णाला लीमा व शिरा वापरून शस्त्रक्रिया लवकर आटोपणे हेच शहाणपणाचे ठरते. तातडीच्या प्रसंगी आधी जीव वाचविणे महत्त्वाचे, तेथे निवडीला फारसा वाव नसतो.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगावी लागेल. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांना धमन्यांची कलमे कमी प्रमाणात लावली जातात, असे अनेक देशांतील आढाव्यांत दिसले आहे. त्यांच्या वाहिन्या बारीक असतात आणि उपचारालाही त्या उशिरा पोहोचतात. आई, पत्नी किंवा बहीण रुग्ण असेल, तेव्हा लीमाविषयी आवर्जून विचारावे.

पुन्हा बायपासची वेळ

कलमांच्या आयुष्याचा प्रश्न किती खरा आहे, हे देशाने २००९ साली पाहिले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० साली झाली होती. २४ जानेवारी २००९ रोजी, वयाच्या ७६व्या वर्षी, त्यांच्यावर दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये दुसऱ्यांदा बायपास झाली आणि मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांनी त्या पथकाचे नेतृत्व केले. डॉ. सिंग त्यानंतर २०१४ पर्यंत पंतप्रधानपदी होते आणि डिसेंबर २०२४ मध्ये, ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसरी बायपास यशस्वी होऊ शकते, हे यावरून दिसते. परंतु चिकटलेल्या ऊतींतून वाट काढावयाची असल्याने ती पहिलीपेक्षा अवघड व जोखमीची असते. पहिल्याच वेळी योग्य वाहिनी निवडण्याचे महत्त्व त्यामुळेच आहे.

खर्च, योजना आणि विचारावयाचे प्रश्न

स्टेंटला किंमत असते; फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने तिच्यावर मर्यादाही घातली. कलमाला अशी किंमत नसते, कारण वाहिनी रुग्णाच्या स्वतःच्याच देहातील असते. धमनी काढण्यासाठी लागतो तो शल्यविशारदाचा अधिक वेळ आणि कौशल्य. गरजू कुटुंबांसाठी राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूरचा समावेश होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू आहे. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आवश्यक कागदपत्रांची चौकशी शस्त्रक्रियेपूर्वीच करावी.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी पुढील प्रश्न नम्रपणे, पण स्पष्टपणे विचारावेत :

१) एलएडीला लीमा जोडणार आहात ना? नसल्यास कारण काय?
२) उरलेल्या वाहिन्यांसाठी शीर वापरणार की धमनी? आमच्या रुग्णाच्या बाबतीत का?
३) हाताची किंवा दोन्ही छातीच्या धमन्या वापरण्याचा आपला अनुभव किती?
४) साखर किती असताना शस्त्रक्रिया करणे सुरक्षित राहील?
५) कोणत्या वाहिनीला कोणते कलम जोडले, याचा आलेख घरी जाताना मिळेल का?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो. पण दहा वर्षांनी पुन्हा छातीत दुखले, तर त्या एका कागदामुळे अँजिओग्राफी करणाऱ्या डॉक्टरांचे काम सोपे होते. तो कागद डिस्चार्ज कार्डासोबत जपून ठेवावा.

गावी परतल्यावर

उत्तम धमनी लावूनही तिचे रक्षण करणे रुग्णाच्याच हाती असते. उरोस्थी सांधण्यास साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर पाण्याची घागर, धान्याचे पोते उचलू नये, मोटरसायकल चालवू नये. पायातून शीर काढली असल्यास जखम भरेपर्यंत अनवाणी शेतात जाऊ नये. मधुमेही व्यक्तीने तर मुळीच नाही. जखमेतून पाणी येणे, ताप येणे किंवा छातीच्या हाडात ‘कट्’ असा आवाज होणे, ही लक्षणे अंगावर काढू नयेत. बार्शी वीसएक किलोमीटरवर आणि सोलापूर त्याच्या साधारण दुप्पट अंतरावर असताना ‘पुढच्या बाजारच्या दिवशी जाऊ’ असे म्हणणे महागात पडते.

विडी-सिगारेट तर सोडावीच, पण मळलेला तंबाखू आणि स्त्रियांमधील मिसरीची सवयही मोडावी. अ‍ॅस्पिरिन व कोलेस्टेरॉलची गोळी बरे वाटू लागले म्हणून परस्पर बंद करू नये. रेडियल लावली असल्यास आकुंचन टाळणारी गोळी कधीपर्यंत घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

बायपासने मूळ आजार बरा होत नाही; रक्ताला वाट मिळते आणि रुग्णाला वेळ मिळतो. ही वाट दहा वर्षे टिकावी की पंचवीस, याचा काही भाग शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठरतो आणि काही भाग त्यानंतर घरी. त्यांपैकी पहिल्या भागाविषयी दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णाला आहे. तो मोठ्या शहरातील रुग्णाला जितका आहे, तितकाच वैरागच्या शेतकऱ्यालाही आहे.